लंडनहून आलेली धुराड्यांची चौकशी

सान त्रोवाझो, व्हेनिस
नोव्हेंबर, सन १७५४

चिरंजीव लुनार्दो यास थोरल्या बहिणीचे पोटभर आशीर्वाद, आणि आशीर्वाद देऊन हात मोकळा राहिला तर पाठीत एक धपाटा.

तुझी प्रकृती ठणठणीत असणार, कारण आजारी माणूस चार पानं भरून दुसऱ्यांच्या धुराड्यांची चौकशी करत नाही. तरी विचारते. खोकला कसा आहे? लोकरीचे मोजे घालतोस की इंग्रज घालत नाहीत म्हणून तूही घालत नाहीस? इकडे आम्ही खुशाल आहोत. बाबांच्या तब्येतीबद्दल अक्षरही लिहायचं नाही अशी त्यांची सक्त ताकीद आहे, तेव्हा मी लिहीत नाही. ते हल्ली जिना उतरत नाहीत, हे मी लिहीत नाही. होड्यांच्या कारखान्यात त्यांनी पाऊल टाकलं नाही त्याला अख्खा उन्हाळा उलटला, हेही नाही. वैद्य येतो, नाडी धरतो, मान हलवतो आणि आमची वाइन पिऊन जातो, हे तर मुळीच नाही. (पत्र पुरं झालं की त्यांना मोठ्याने वाचून दाखवायचं आहे. या जागी मला ठसका लागेल.)

तू धाडलेलं चित्र पोचलं. चित्र सुरेख आहे, त्यात वाद नाही. पाण्यावरचं ऊन पाहून शेजारच्या मोमोलोने डोळे बारीक केले, आणि हा मोमोलो जन्मभर गोंडोला वल्हवून त्याच उन्हात करपलेला. बाबांनी मात्र चित्र खिडकीशी नेलं, नाकाला लावलं. मग म्हणाले, "मागचा गडी डाव्या अंगाला वल्हं मारतोय." मी म्हटलं, असेल एखादा डावखुरा. ते म्हणाले, "गोंडोल्याला डावखुरा नसतो, कात्तीना, मागचं वल्हं उजवीकडेच. ही होडी जागच्या जागी भोवऱ्यासारखी फिरेल." त्यांनी चित्र भिंतीकडे तोंड करून ठेवलं. जेवताना मक्याचा पोलेंटा चिवडत एवढंच म्हणाले, "पोरगं विसरायला लागलं." मला तुझा राग आला. नऊ वर्षं तू लंडनच्या चिखलात बसून इंग्रज साहेबांना व्हेनिस विकतोस, विक बापडा, पण होड्या बांधणाऱ्याच्या पोराने होडी चुकवावी?

पण तुझं पत्र वाचलं आणि राग अर्धा झाला. चौकातल्या बोल्दो पाववाल्याच्या घराला धुराडी किती, कोपऱ्यावरची माउलीची मूर्ती उजवीकडे की डावीकडे, पायऱ्यांवर शेवाळ कुठवर चढलंय, दुकानावरचं कापड कोणत्या रंगाचं. म्हणजे तुलाही कळलंय की विसरायला होतंय. म्हणून मी मोमोलोला म्हटलं, होडी काढ. (चौकातून बघून भागणार नाही, पाण्यातून दिसतं तसं हवं, असं तूच खाली रेघ मारून लिहिलंस.) झालं, बोल्दोच्या खिडकीखाली होडी उभी, मी त्यात बसलेली, मान वर, डोळे वर, आणि वाऱ्याने टोपी उडायची म्हणून एक हात डोक्यावर. दुसऱ्या सकाळीही तेच, कारण पहिल्या दिवशी धुकं होतं. बोल्दोची बायको ओर्सोला कशी आहे ते तुला ठाऊक आहे. तिसऱ्या सकाळी मासे धुतलेलं पाणी वरून आलं, आणि मागोमाग ती. "काय गं, माझ्या नवऱ्यात काय बघतेस रोज रोज?" मी म्हटलं, बाई, तुझ्या नवऱ्यात बघण्यासारखं काही असतं तर तूच नसतं का बघितलं? मी धुराडी बघतेय, लंडनला कळवायची आहेत.

हे बोलले नसते तर बरं झालं असतं. चौकाला एवढंच कळलं की आपला चौक लंडनला जाणार. तो चित्रातून जाणार, आणि तेही तू रंगवशील तेव्हा, हा भाग कोणाच्या कानात शिरला नाही. दुसऱ्या दिवशी बघते तर दोऱ्यांवरची धुणी गायब, आणि खिडक्याखिडक्यांतून गालिचे लोंबतायत. ओर्सोलाने तर आपल्या लग्नातली लाल चादर धुराड्यापर्यंत ताणली होती. ज्यांच्याकडे गालिचा नव्हता त्यांनी टेबलावरचं कापड टाकलं, त्यावरचे डाग आत दुमडून. मला भिंतीचा तसूभर तुकडा दिसेना. आता गालिचे टाकले म्हणजे आपल्याकडे काय असतं? संताचा सण. पलीकडच्या देवळाच्या घंटेवाल्याने लांबून गालिचे बघितले आणि घंटा बडवायला सुरुवात केली. घंटा ऐकून लोक मेणबत्त्या घेऊन धावले. प्रत्येक जण शेजाऱ्याकडे बघतोय, पण आज सण कोणाचा हे विचारायची कोणाची छाती होईना. विचारलं की आपण नास्तिक ठरलो. पाद्री फोर्तुनातोंची तर जास्तच पंचाईत, सणवार पाद्र्यालाच ठाऊक नाहीत म्हणजे काय. त्यांनी हाताला लागले ते संत बाहेर काढले. ते निघाले सान रोको. ऑगस्टात मिरवणारे, आपली प्लेगची गाठ दाखवायला मांडी उघडी टाकून उभे असलेले सान रोको नोव्हेंबरच्या गारठ्यात चौकभर फिरले. मी हसत होते, खोटं कशाला सांगू. हसून हसून पोटात कळ आली.

आणि वळून बघते तर दारात बाबा. मोमोलोने आणि बोल्दोने त्यांना खुर्चीसकट खाली आणलेलं. अंगात सणाचा निळा कोट, दाढी केलेली, हनुवटीवर कापलेलं. संत समोरून गेले, पण त्यांनी क्रुसाची खूणसुद्धा केली नाही. ते पाण्याकडच्या पायऱ्यांवर नजर लावून बसले होते. मला जवळ बोलावलं आणि हळूच विचारलं, "कोणत्या होडीने येतोय?" मी म्हटलं, कोण? तर म्हणाले, "मला नको बनवू. एवढे गालिचे उगाच टाकतात का?"

काय सांगणार होते मी? सांगितलं, सण आहे बाबा. ते म्हणाले, "असं होय. तरीच." आणि मांडीवरची शाल नीट केली. वर चला म्हटलं तर नको म्हणाले, हवा चांगली आहे. हवा अजिबात चांगली नव्हती. लोकांनी गालिचे आत घेतले, ओर्सोलाने चादर काढली (आणि न सांगता त्यांना गरम पाव आणून दिला, तेव्हा तिला आता नावं ठेवू नकोस), तरी ते तिथेच बसून होते. एरवी मी रडत नाही, तुला माहीत आहे. त्या दिवशी शालीत तोंड घालून रडले.

असो. तुझं काम खोळंबायला नको म्हणून उत्तरं देते. बोल्दोच्या घराला धुराडी तीन, त्यातलं मधलं वाकडं. माउलीची मूर्ती डाव्या कोपऱ्यावर. शेवाळ तिसऱ्या पायरीपर्यंत. दुकानावरचं कापड पिवळं. इतकं पुरे व्हावं. शहर तिथल्या तिथे आहे, सरकलेलं नाही. देव तुझं भलं करो आणि हात गरम ठेवो.

तुझी बहीण
कात्तीना

ता. क. मोजे धाडते आहे. इंग्रज घालोत न घालोत, तू घाल.

आणखी एक. बाबांना पत्र वाचून दाखवलं. ठसका दोनदा लागला. त्यांनी निरोप सांगितला आहे, तसाच्या तसा लिहिते: "म्हणावं, काम टाकून येऊ नकोस, इथे कोणाचं काही अडलेलं नाही." एवढं सांगून झाल्यावर त्यांनी मला विचारलं की लंडनहून यायला हल्ली किती दिवस लागतात, आणि बर्फात घाट उघडे असतात का.

शेवटचं. हे आता ते झोपल्यावर लिहिते. वर दिलेली उत्तरं सगळी खोटी आहेत. धुराडी, मूर्ती, शेवाळ, कापड, सगळं मी मनाने ठोकून दिलंय. त्यावर विसंबून चित्र काढलंस तर इथे येऊन गेलेला पहिला साहेब तुझ्या तोंडावर हसेल. आणि पुन्हा विचारलंस तर पुन्हा खोटंच कळवीन. चार पानांत तू अख्ख्या चौकाची विचारपूस केलीस रे, आपल्या घराची एका ओळीतसुद्धा केली नाहीस. खरं काय ते स्वतः येऊन बघ. धुराडी कुठे जात नाहीत, लुनार्दो. बाबा जातील.