परतीचा डबा

मु. वडगाव, ता. औसा, जि. लातूर
रविवार, ता. ६ मार्च १९८३

चि. महानंदास अप्पाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. इकडं सर्व खुशाल असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो, बाकीचं पुढं येईलच. पत्त्यात आधी सवयीनं उस्मानाबाद लिहिलं आणि मग खोडलं. जिल्हा नवा झाला तरी हात जुनाच आहे. लोकांना वाटलं होतं, लातूर जिल्हा झाला की पाणीही जवळून येईल. पाणी अजून टँकरनंच येतं, आणि तेही टँकरवाल्याच्या मर्जीनं.

तू विचारलंस, लातूरला कॉलेजात बसनं येणाऱ्या डब्यातली भाकरी अलीकडं जाड का आणि कडा करपलेल्या का. जोंधळा नवीन दळून आणलाय, पीठ जरा भरड आहे. दहीही काही दिवस येणार नाही, उन्हाळ्यात बसच्या गरमीनं आंबतं.

तू पत्रात शिकवलेला धडा मला फार आवडला. सूर्याची शक्ती गवतात येते, गवत शेळी खाते, शेळीला लांडगा खातो, आणि दर पायरीला जेमतेम दहावा हिस्साच पुढं जातो. मी तो पारावर सगळ्यांना ऐकवला. दगडोबानं लगेच शंका काढली, "अन् नऊ हिस्से जातेत कुठं? मधात कुणीतरी खाऊन राहिलं असंल." त्याला प्रत्येक गोष्टीत सरकारी काम दिसतं. मी सांगितलं, बाबा, चोरी नाही. जनावर चालतं, श्वास घेतं, त्याचं अंग ऊन राहतं, त्यातच ते जातं. तो म्हणाला, "म्हंजे जिवंत राह्यलं त्याचाच खर्च म्हणायचा की." मला वाटतं तुझ्या सरांनी याला पास केलं असतं.

आता मुद्द्यावर येतो. मला मुद्द्यावर यायला वेळ लागतो हे तुला ठाऊक आहे.

परवा संध्याकाळी लिंबाजी कंडक्टरनं गाडीतून तुझा डबा माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "अप्पा, पोरगी जेवून राहिली न्हाई का? सकाळी नेतो तवा डबा जड, अन् परतीला बी जडच." मी हसून वेळ मारून नेली. त्याला काय सांगणार? महिनाभर तू डब्यात अर्धी भाकरी परत पाठवतेस, सोबत चिठ्ठी, 'अव्वा, ही तू खा.' आपल्यात डबा रिकामा परत पाठवत नाहीत, चार फुटाणे तरी टाकतात. तू फुटाण्यांऐवजी भाकरी टाकलीस. चिठ्ठी मीच तुझ्या आईला वाचून दाखवत होतो. ती ऐकून घ्यायची, डोळ्याला पदर लावायची आणि भाकरी घेऊन आत जायची. मला वाटायचं, खाल्ली.

तिनं ती कधीच खाल्ली नाही. कडबा संपत आला तशी ती तुझी अर्धी भाकरी कुस्करून चंद्री म्हशीच्या पेंड-चुणीच्या अंबोणात घालत होती. बुधवारी मी गोठ्यात पकडलं तेव्हा म्हणाली, "लेकराच्या तोंडचा घास मी खाऊ व्हय? म्हशीला घातलं तर दूध हुईल, दुधाचं दही हुईल, अन् दही पुन्हा पोरीलाच जाईल." म्हणजे बघ, तू तिला भाकरी पाठवलीस, तिनं म्हशीला दिली, म्हशीनं तिचं दोन चमचे दही केलं आणि ते तुझ्याकडं आलं. तुम्ही दोघी मायलेकींनी मिळून औसा रस्त्यावर एक भाकरी फिरत ठेवली होती आणि पोट कुणाचंच भरत नव्हतं. तुझ्या धड्यातले ते नऊ हिस्से आमच्या गोठ्यात सापडले.

एवढंच असतं तर मी हसून सोडून दिलं असतं. पण तिच्या वाटणीचीही भाकरी ती चंद्रीलाच घालत होती.

आता खरं लिहितो. पीठ भरड नाही. भाकरी मी थापतोय, गेल्या सोमवारपासून. त्या दिवशी पाझर तलावाच्या कामावर अव्वा डोक्यावर पाटी घेऊन चालता चालता खाली बसली आणि तशीच आडवी झाली. बायकांनी पाणी मारलं तरी उठेना. बैलगाडीत घालून औशाला नेलं. डॉक्टरांनी डोळे पाहिले, नाडी पाहिली आणि मला बाहेर नेऊन विचारलं, "यांना घरी जेवायला घालत नाही का?" नंदा, मला त्या ओसरीवर तोंड लपवायला जागा नव्हती. दवाखाना भरलेला होता आणि ते काही हळू बोलत नव्हते.

मी 'घालतो' म्हणालो ते खोटं नव्हतं, मला खरंच काही माहीत नव्हतं. आपल्या घरात मी आधी जेवतो, ती लिंगपूजा करून मागून बसते. मी ओसरीवर पान लावत असतो आणि आतून परातीचा, तांब्याचा आवाज येतो. ती नुसता आवाज करत होती. येळवसेच्या पूजेला शेतात हिरवं काडीभर नव्हतं तरी ढेकळांवर आंबील शिंपडली तिनं. मी विचारलं, कुणाला पाजतेस? म्हणाली, "दरसाल आपुन हिचं खातो, एक साल हिनं आपलं खाल्लं तर काय बिघडलं?" तेव्हाच मला कळायला हवं होतं की ही बाई सगळ्यांना वाढून झाल्यावर स्वतःला मोजतच नाही.

आता ती बरी आहे. उठून बसते, माझ्या भाकरीला नावं ठेवते. तू लगेच निघून येऊ नकोस. आलीस तर ती पुन्हा चुलीपुढं बसेल आणि सगळं तुझ्या ताटात घालेल. तुझी परीक्षा तोंडावर आहे, ती दे.

चंद्रीला मी गुरुवारी शिवलिंगमामाकडं भोकरला धाडली. तिकडं रानात अजून गवत आहे, पाणीही आहे. अव्वाला ते पटलं नाही. मी तिला तुझा धडाच सांगितला. कणगीत जोंधळा तिघांना पुरेल इतका आहे. म्हशीच्या पोटातून फिरून आला तर त्यातलं काही उरत नाही, म्हणून यंदा तो थेट माणसाच्या पोटात जाऊ दे. तिनं विचारलं, "हे नंदानं लिवलंय?" मी हो म्हणालो. त्यावर तिनं मान डोलावली. माझं ती ऐकत नाही, पण तुझं कॉलेजातलं ज्ञान तिला पटतं.

तिची एकच अट आहे, आणि त्यासाठी हे पत्र तिच्या नकळत लिंबाजीच्या हाती देतोय. पोरीचा डबा रिकामा आला तरच मी जेवणार, असं म्हणाली. पोरीनं पोटभर खाल्लं हे तिला त्याच्यावरून कळतं. संध्याकाळच्या गाडीची वेळ झाली की भिंतीला टेकून बसते. डबा आला की आधी कानाशी नेऊन हलवते. काल आत अर्धी भाकरी होती. काल ती उपाशी निजली. तुला काय ठाऊक, म्हणून रागावत नाही.

म्हणून सांगतो. उद्यापासून सगळं संपव, जाड असलं तरी, करपलेलं असलं तरी. तिनं शिकवलेली रीत मलाही ठाऊक आहे, पण ती आता पाऊस पडेपर्यंत बाजूला ठेव. भाकरी नको, साखर नको, फुटाण्याचा दाणाही नको. डबा घासून, पुसून, रिकामा पाठव.

मी तिचं ताट वाढून ठेवलेलं असेल.

तुझा
अप्पा