शेवंतीला दिलेली पाव गोळी

मी, श्रीमती सरोज गोपीनाथ टेंभेकर, वय वर्षे बासष्ट, माहेर अमरावती, गेली चौतीस वर्षे लखनौत आणि त्यातली एकोणीस इंदिरा नगरातल्या या घरात राहणारी, औषध संशोधनाच्या संस्थेतून निवृत्त झालेली प्रयोगशाळा सहायक, आज रविवारी सकाळचा चहा घेऊन, चष्मा पुसून, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. हृदयाची झडप ठिकाणावर नाही, म्हणून ही घाई. मला कुणी धाक घातलेला नाही की फूस लावलेली नाही. मला फूस लावणं किती अवघड आहे ते माझ्या सासरच्यांना विचारावं. यापूर्वी मी कुठलंही मृत्युपत्र केलेलं नाही.

कलम १. हे घर, बँकेतली ठेव आणि घरातलं सगळं सामान माझी एकुलती एक मुलगी सानिका हिला मिळावं. हिचे वडील सहा वर्षांपूर्वी गेले, त्यामुळे दुसरा वाटेकरी नाही. सानिका, घर विकायचं असेल तर खुशाल वीक. "आई, लखनऊ कौन लौटेगा अब?" असं तू दिल्लीहून फोनवर म्हणालीस त्याचा मला राग आलेला नाही. म्हणजे आला होता, पण उतरला. मराठी पुस्तकं मात्र रद्दीत घालू नकोस, महाराष्ट्र मंडळाला दे.

कलम २. चांदीचा करंडा माझ्या नणंदबाई अरुणावन्सं यांना द्यावा. सानिका पोटात असताना "मांजराच्या घरात मूल धड वाढत नाही" असं त्या चारचौघांत बोलल्या होत्या. मूल पाच फूट पाच इंच वाढलं आहे. करंडा देताना ही उंची त्यांना सांगावी.

कलम ३. माझी दोन मांजरं, कढी आणि लुडबुड, सानिकाने सांभाळावीत. दोघांची ताटातूट करू नये. दिल्लीला नेणं जमणारच नसेल तर दोघांना एकाच घरी द्यावं, आणि त्या घरी पुढचं सगळं वाचून दाखवावं.

दर जुलैत दोघांना रेबीजची लस टोचायची. "घराबाहेर जातच नाही, कशाला टोचायची" असं म्हणणारे पुष्कळ भेटतील, त्यांचं ऐकायचं नाही. दर तीन महिन्यांनी जंताचं औषध. कढीचं ऑपरेशन झालेलं आहे, तिला पिल्लं होणार नाहीत. लुडबुड बोका आहे. तो मातीत बसून जोर करतोय आणि लघवी होत नाही असं दिसलं तर संध्याकाळची वाट न पाहता त्याच घटकेला डॉक्टर गाठायचा, कारण त्यात बोका दोन दिवसांत जातो. दूध कमी. महिन्यातून एकदा वेताच्या टोपलीत बसवून भाजीवाल्याच्या स्प्रिंगच्या काट्यावर वजन करायचं आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहायचं. पाव किलो घटलं तर काहीतरी बिनसलंय. मांजर दुखणं सांगत नाही, लपवतं.

आणि माणसाचं औषध मांजराला कधी, कधी, कधी द्यायचं नाही. तीनदा का लिहिलं ते पुढे येतंच आहे.

कलम ४. हे कलम लिहायला मला दहा वर्षं लागली.

सन १९८८ च्या ऑगस्टमध्ये आमच्या शेवंतीला ताप आला. पिवळी मांजरी, सानिकाची जीव की प्राण, वजन तीन किलो. मी आयुष्यभर उंदरांना तोलून मापून औषधं देणारी बाई. मला वाटलं, मला कुणाला विचारायची काय गरज? लहान मुलाच्या मात्रेवरून मनातल्या मनात हिशोब मांडला, कमी पडायला नको म्हणून थोडं वर धरलं आणि पॅरासिटामॉलची पाव गोळी साखरेत कुटून तिच्या घशात घातली. सकाळी एकदा. ताप उतरेना म्हणून दुपारी पुन्हा.

संध्याकाळी तिचं तोंड सुजलं, धाप लागली. मी आणि सानिका तिला टोपलीत घालून डॉ. हरिहर मिश्र यांच्या दवाखान्यात धावलो. दवाखाना आमच्या घरापासून पाच मिनिटांवर, बाजारातल्या शटरच्या खोलीत. बाकीचे जनावरांचे डॉक्टर मांजर म्हटलं की हात झटकायचे; हा एक माणूस मांजराच्या पिल्लाशीसुद्धा अदबीने बोलायचा. त्यांनी शेवंतीचा ओठ वर करून हिरड्या पाहिल्या आणि विचारलं, "बहनजी, घर पर कोई दवा तो नहीं दी?"

मी म्हटलं, "नहीं."

का म्हटलं? लाज वाटली. औषधांच्या संस्थेतली बाई, आणि विचारतात कोण, तर गाई-म्हशींचे डॉक्टर! एवढ्याशा तोऱ्यापायी मी खोटं बोलले. त्यांनी इंजेक्शन दिलं. अर्ध्या तासात शेवंती त्यांच्या टेबलावरच गेली.

त्या वर्षी मंडळाच्या गणपतीत माझी मैत्रीण कल्पना वैशंपायन हिने विचारलं तेव्हा मी एवढंच म्हटलं, "इंजेक्शन दिलं आणि गेली गं." शब्द न् शब्द खरा आणि सगळं मिळून खोटं. कल्पनाच्या कानात पडलेली गोष्ट गोमतीपार पोचते हे मला ठाऊक नव्हतं थोडंच! महिन्याभरात कॉलनीतल्या लोकांनी तिथे मांजरं न्यायचं सोडलं, मग कुत्री. दीड वर्षात शटर बंद झालं. डॉक्टर आता स्कूटरवरून मलिहाबादकडे गाई-म्हशी बघायला जातात. कॉलनीतली कितीतरी मांजरं तेव्हापासून बिनालसीची राहिली. आणि मी चोरासारखी टोपली घेऊन रिक्षाने चारबाग स्टेशनच्या पलीकडच्या डॉक्टरकडे जाते.

शेवंती गेली तोवर मला गोळीचं माहीत नव्हतं, हे खरं. पण त्याच वर्षी डिसेंबरात आमच्या संस्थेच्या ग्रंथालयात वाचलं: हे औषध मांजराच्या लिव्हरला पचवताच येत नाही, रक्त तपकिरी होतं, लहानसा तुकडाही जीव घेतो. मी पुस्तक मिटून जागेवर ठेवलं आणि घरी येऊन स्वयंपाक केला. त्या दिवसानंतरचं माझं गप्प बसणं म्हणजे अडाणीपणा नव्हे, पाप आहे.

म्हणून लिहून देते: शेवंतीला मी मारलं. डॉ. हरिहर मिश्र यांचा यात काडीचाही दोष नाही.

कलम ५. पुढची रस्त्याकडची खोली दवाखान्यासाठी डॉक्टरांच्या नावे करावी असं माझ्या मनात होतं. वकील म्हणाले, ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नये. मी दोन दिवस विचार केला. खोलीने माणसाचं नाव परत मिळत नाही. शिवाय मी मेल्यावर हे उघडलं तर माफी मागायची कुणी, फोटोने? म्हणून खोली सानिकाकडेच राहू दे. डॉक्टरांना आणि कल्पनाला मी साक्षीदार म्हणून आज अकरा वाजता बोलावलं आहे. साक्षीदारांनी मजकूर ऐकलाच पाहिजे असा कायदा नाही म्हणे. माझा आहे. सह्या होण्याआधी मी कलम चार मोठ्याने वाचणार आहे.

वर लिहिलेलं दोघांना वाचून दाखवलं. कलम चार हिंदीत सांगितलं. आता साडेबारा झाले आहेत. जे घडलं ते सह्यांपूर्वी माझ्याच अक्षरात जोडते.

कल्पना रडली, मग माझ्यावर ओरडली, "सरोज, अगं मेले, माझ्या तोंडून वदवून घेतलंस ना सगळं!" तिचं बरोबर आहे.

शेवंतीच्या हिरड्यांची आठवण काढून डॉक्टर म्हणाले, "बहनजी, मसूड़े देखते ही मैं समझ गया था. सुई भी मैंने उसी ज़हर के तोड़ की लगाई थी. देर हो चुकी थी."

मी म्हटलं, "समजलं होतं तर बोलला का नाहीत? तुमचा दवाखाना बुडाला, तरी गप्प?"

ते म्हणाले, "आपने कहा नहीं दी, तो मुझे लगा गोली बिटिया ने दी होगी. वहीं खड़ी थी, टोकरी पकड़े. बारह साल की बच्ची से कैसे कहता कि बिल्ली तुमने मारी?"

मला बसल्या जागी हुंदका फुटला. मी पायांना हात लावायला गेले, त्यांनी लावू दिला नाही. त्यांनी पेन मागितलं.

सानिका, घर तुला वर दिलंच आहे. पण ज्याच्याशी आपलं काही नातं नाही अशा माणसाने तुला वाचवायला दहा वर्षं बदनामी सोसली, आणि तुझ्या जन्मदात्या आईने स्वतःला वाचवायला ती पसरवली. दिल्लीहून येशील तेव्हा घरी येण्याआधी त्यांच्याकडे जा आणि त्यांना नमस्कार कर. तुला करू देतील.

लिहून देणार: सरोज गोपीनाथ टेंभेकर
(सही)

साक्षीदार, ज्यांनी मजकूर ऐकून माझ्यादेखत आणि एकमेकांदेखत सही केली:
१. सौ. कल्पना धनंजय वैशंपायन, इंदिरा नगर (सही)
२. डॉ. हरिहर मिश्र, पशुचिकित्सक, इंदिरा नगर (सही)

ठिकाण: लखनौ
दिनांक: ८ नोव्हेंबर १९९८