मुंगी आणि चॉकलेटचे चौकोन

४ जानेवारी

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

तुझ्या दोन पत्रांना मी उत्तर दिलं नाही, तेव्हा आधी तिथूनच माझा कान पिळ आणि मग पुढे वाच. फोन करून तुझ्याशी बोलायचं म्हणजे गल्लीभर ऐकू जाईल असं ओरडायचं, आणि तरीही तू भलत्याच प्रश्नाचं उत्तर देणार. त्यापेक्षा पत्र बरं.

आमची पोरगी घरी येऊन चार महिने झाले. दत्तक संस्थेचा नियम तुला मागे लिहिला होताच. सहा महिने मूल घरात राहतं, मग संस्थेच्या ताई येऊन सगळं बघतात आणि ते कायमचं इथे राहील की परत जाईल हे ठरवतात. आठ वर्षांची आहे, अंगाने काडी, पण घरातलं खाणं गायब करण्यात तिचा हात कुणी धरणार नाही. उशीखाली बिस्किटं, बुटात पाव, पडद्याच्या घडीत केळं. परवा मी कवळ्या करायच्या माझ्या खोलीत गिऱ्हाइकाची कवळी घासायला घेतली, तर वरच्या आणि खालच्या दातांमध्ये लोणी लावलेला पाव नीट बसवून ठेवलेला! एका म्हातारबुवांची कवळी त्यांच्या आधीच जेवून मोकळी. तुझ्या जावईबापूंनी, आमच्या कुलूपवाल्यांनी, तिचं नाव मुंगी ठेवलंय आणि तीही त्या नावाला ओ देते.

हे लिहिताना हसतेय खरी, पण याच कारणावरून आधीच्या एका घराने तिला परत पाठवलं होतं. खाणं चोरते, असं म्हणाले म्हणे. ताईंनी हे आम्हाला आधीच सांगितलं होतं, आणि मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं होतं की आमच्याकडे असलं काही होणार नाही. मग गेल्या आठवड्यात घरात खऱ्या मुंग्यांची रांग लागली, आणि मी वैतागून खाण्याच्या कपाटाला कुलूप लावायला सांगितलं. आमच्याकडे कुलपांना काय तोटा! लगेच लागलं. तेव्हापासून ती काही मागत नाही, हट्ट करत नाही, नुसती कपाटाकडे बघते.

एकदाच तिने काहीतरी मागितलं. मागितलं असंही नाही. दुकानात टोस्टरमध्ये गरम करून खायच्या, चॉकलेट भरलेल्या चौकोनी पेस्ट्र्यांचं खोकं होतं, त्यावरच्या चित्रासमोर तिचे पाय खिळले. घेऊन आलो. एक खाल्ली, बाकीच्या कुठे गेल्या ते देव जाणे. वाटतं, त्या घरीच कराव्यात. तू कारखान्याचं कॅन्टीन चालवलंस, अख्खा जन्म भट्टीसमोर काढलास, तर कशा करायच्या ते सविस्तर लिही. आणि खरं सांगू? ही परत गेली तर मी काय करीन, या विचाराने मला हल्ली काही सुचत नाही.

स्वतःला जप. माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
ठकू


१२ जानेवारी

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद.

आधी उठ आणि ते कुलूप काढ. पत्र पुरं वाचायच्या आधी काढ, मी थांबते.

काढलंस? आता ऐक. आमच्या कॅन्टीनमध्ये नवीन लागलेले कामगार सुरुवातीला पाव खिशात घालून न्यायचे. मुकादम माझ्या डोक्यावर बसला की पाव मोजून वाढा. मी उलट प्रत्येक टेबलावरची टोपली भरभरून ठेवायला लागले. मुकादमाने आकाशपाताळ एक केलं. पण हळूहळू खिशात पाव जायचे बंद झाले, कारण उद्याही टोपली भरलेली असणार हे त्यांना पटलं. तुझ्या पोरीला अजून पटलेलं नाही, एवढंच. ती चोर नाही आणि तूही वाईट नाहीस, फक्त घाई करतेस. लहानपणी अर्धा शिजलेला बटाटा खायचीस, तीच तू.

तिला तिचा स्वतःचा एक डबा दे. तो रोज तिच्या देखत भर. त्यातलं तिने कुठे नेलं, काय केलं, हे कुणी विचारायचं नाही. आणि डबा कुणी उघडायचा नाही, जावईबापूंनीसुद्धा नाही. त्यांना बंद दिसलं की उघडायचा मोह होतो, म्हणून सांगते.

आता कृती. मैद्यात चिमूटभर मीठ, थोडी पिठीसाखर आणि अगदी थंड लोणी. लोण्याचे तुकडे बोटांनी मैद्यात चोळ, रवाळ झालं की बर्फाचं पाणी शिंपडून गोळा कर. तिंबू नकोस, नाहीतर चामडं होईल. गोळा गार कर, पातळ लाट, चौकोन काप. आत किसलेलं चॉकलेट, पिठीसाखर आणि चमचाभर कॉर्नफ्लोअर. कॉर्नफ्लोअर विसरलीस तर चॉकलेट वाट फुटेल तिकडे जाईल. कडांना फेटलेलं अंडं लाव, वर दुसरा चौकोन ठेव, काट्याने कडा दाब, वर टोचे मार. पुन्हा गार कर आणि मग ओव्हनमध्ये घाल. फिकट रंगावरच काढ, कारण पुढचा रंग टोस्टरमध्ये येतो.

जमलं नाही तरी कर. पुन्हा जमलं नाही तरी पुन्हा कर. मला कळवत राहा, मी इथे वाटेकडे डोळे लावून बसलेली असते.

तुझी,
मावशी


२५ जानेवारी

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

कुलूप काढलं. कुलूपवाले म्हणाले की स्वतःच्या घरात लावून स्वतःच काढलेलं हे त्यांचं पहिलंच काम, आणि यापुढे असलं काम घेणार नाहीत.

पहिल्या घाण्यात मी व्हायचा तोच उजेड पाडला. हावरटासारखं चॉकलेट भरलं, चारी बाजूंनी बाहेर आलं, आणि ट्रे खरवडण्यात माझी संध्याकाळ गेली. दुसऱ्या वेळी मैदा इतका तिंबला की कुलूपवाल्यांनी एक चौकोन टेबलावर आपटून दाखवला. फुटला नाही. तिसऱ्या वेळी मात्र जमलं गं! फिकट, खुसखुशीत, टोस्टरमधून वर आल्यावर कडा कुरकुरीत आणि आत सगळं मऊ. मुंगीने पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. ते बघून माझा सगळा शीण गेला.

डबा तिला दिला. निळा, झाकणाचा. तिने तो आधी सगळीकडून फिरवून बघितला आणि मग विचारलं की हा भरल्यावर परत घेणार का. नाही म्हटलं, तर तिचा काही विश्वास बसला नाही. रोज सकाळी भरते, रोज संध्याकाळी रिकामा असतो. झाडताना पलंगाखालच्या पेटीमागे तिचा साठा सापडला, मोज्यात भरलेला. तुझं ऐकून मी झाडू तिथूनच मागे घेतला. असा झाडू मागे घेणं मला किती जड गेलं, हे तुला वेगळं सांगायला नको.

पुढच्या महिन्यात ताई येणार आहेत. त्यांनी पेटीमागे डोकावलं तर काय, या विचाराने माझं धाबं दणाणलंय. कुलूपवाले वरवर शांत आहेत, पण काल दुकानात त्यांनी एकाची किल्ली दुसऱ्याला दिली.

जीव इथे अडकलाय, लक्ष असू दे.

तुझी,
ठकू


१८ फेब्रुवारी

ती. मावशींस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र लिहायची मला सवय नाही. पावतीवर 'दुरुस्त केले' एवढंच लिहीत आलो. पण तुमची भाची दोन दिवस कुणाशी बोलत नाहीये, म्हणून मीच लिहितो.

शनिवारी दुपारी ताई आल्या. पुढच्या खोलीत बसल्या, ठकू त्यांच्या प्रश्नांना उत्तरं देत होती, मी मान डोलवत होतो. मुंगी स्वयंपाकघरात होती. मधेच जळका वास आला, पाठोपाठ धूर, आणि घराचा फ्यूज उडाला. मी धावत जाऊन टोस्टरचा प्लग ओढला. एकाच फटीत दोन पेस्ट्र्या कोंबलेल्या होत्या, त्या अडकून फुटल्या होत्या आणि तारांवर चॉकलेट जळत होतं. आग वगैरे काही नव्हती, नुसता धूर.

मुंगी तिथे नव्हती. ती सापडली दाराशी. पायात बूट, पाठीवर कपड्यांची पिशवी, हातात तो निळा डबा. रडत नव्हती. ताईंना तिने सांगितलं की ती तयार आहे, निघू या. मावशी, मी बरीच घट्ट कुलपं बघितली आहेत, पण त्या वाक्याइतकं घट्ट एकही नाही. मी तिच्यासमोर बसून बूट सोडायला लागलो, तर गाठच सुटेना.

ताई उठल्या. मार्चच्या सुरुवातीला एकदा येऊन जाते आणि मग काय ते ठरवू, एवढंच म्हणाल्या आणि गेल्या. मुलगी इथे सतत घाबरलेली आहे, असं त्यांचं मत झालं असणार. मला तरी तसंच वाटतं.

एक गोष्ट मात्र मला उलगडत नाही. सकाळच्या ताज्या पेस्ट्र्या टेबलावर थाळीभर तशाच होत्या. टोस्टरमध्ये निघाल्या त्या शिळ्या, चेपलेल्या, त्यांना मोज्याचे धागे चिकटलेले. समोर ताजं सोडून तिने हे का घातलं असेल? ठकूला विचारायची हिंमत नाही.

टोस्टर खोलून साफ केलाय, चालतो. आमच्यावरचा आशीर्वादाचा हात काढू नये.

आपला,
जावई


२४ फेब्रुवारी

चि. जावईबापू आणि चि. ठकू यांस,
अनेक आशीर्वाद.

दोघंही शुद्ध खुळे आहात. हे पत्र जोडीने बसून वाचा.

टेबलावरच्या पेस्ट्र्या तुमच्या होत्या. मोज्यातल्या तिच्या होत्या. घरी पाहुणी आली, तर पोरीने आपल्या साठ्यातल्या दोन काढून तिच्यासाठी गरम करायला टाकल्या. जिने आजवर एक तुकडा कुणाला दाखवला नाही, तिने दोन आख्ख्या बाहेर काढल्या! तुमची लाज राखायला काढल्या हो, तिला इथे राहायचंय म्हणून काढल्या. आणि टोस्टर बिघडला तेव्हा तिला वाटलं की आता सगळं संपलं. यात न उलगडण्यासारखं काय आहे, सांगा बघू. वाचता वाचता माझा चष्मा दोनदा पुसावा लागला.

हे सगळं जसंच्या तसं ताईंना सांगा. ठकू, तू फोन करायचा आहेस, रडत का होईना, पण करायचा. ताई काही आंधळ्या नाहीत, फक्त मोज्याचे धागे त्यांनी बघितलेले नाहीत.

आणि आता मुंगीला पिठात हात घालू दे. चौकोन तिने कापायचे, कडा तिने दाबायच्या. वाकडं झालं तरी बोलायचं नाही. एका फटीत एकच जाते हेही तिला शांतपणे दाखव, म्हणजे पुन्हा सगळ्यांचा जीव टांगणीला लागायला नको.

मी ठीक आहे. कान गेले, हात अजून शाबूत आहेत. लवकर कळवा, नाहीतर मी तिथे येऊन बसेन.

तुमची,
मावशी


१२ मार्च

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

ही आमचीच झाली! आधी हे लिहून टाकते, कारण बाकीचं वाचेपर्यंत तुला धीर निघायचा नाही हे मला माहीत आहे.

तुझं पत्र वाचून आम्ही दोघं तोंडात मारल्यासारखे बसून राहिलो. मग मी फोन उचलला आणि तू सांगितल्याप्रमाणे रडतच ताईंना सगळं सांगितलं. त्यांनी हळूच विचारलं की मोजा कुठला होता. पांढरा, शाळेचा, म्हटलं. त्यावर त्या म्हणाल्या की पुढच्या वेळी त्या भुकेल्या पोटी येतील.

मधल्या दिवसांत मुंगी आणि मी पेस्ट्र्या करत होतो. माझी कवळ्यांचं मेण कोरायची सुरी तिला इतकी आवडली की काटा बाजूला टाकून तिने त्याच सुरीने कडा दाबायला घेतल्या. आमच्या पेस्ट्र्यांना आता दात आहेत, वर आठ आणि खाली आठ. कुलूपवाले म्हणतात, या पेस्ट्र्या खायच्या आधी त्यांनीच आपल्याला चावायला नको. ती खळखळून हसली. हे तिचं हसणं मी याआधी ऐकलंच नव्हतं.

ताई परवा आल्या. मुंगीने एका फटीत एक अशा दोन गरम केल्या आणि थाळी स्वतः नेऊन दिली. ताईंनी दोन्ही खाल्ल्या, बोटाला लागलेलं चॉकलेटही सोडलं नाही. मग त्यांनी तिला जवळ बसवून सांगितलं की आता कुठे जायचं नाही, हे तिचं घर. मुंगीने एवढंच विचारलं की मग डबासुद्धा राहणार का. डबासुद्धा, ताई म्हणाल्या. मी मोरीत जाऊन नळ सोडला आणि मनसोक्त रडून घेतलं. कुलूपवाले अंगणात जाऊन एकच कुलूप पुन्हा पुन्हा उघडून लावत बसले होते. जीव भांड्यात पडणं म्हणजे काय ते मला परवा कळलं.

तू ये आता, कारण आजी कशी दिसते असं ती विचारते. तिला सांगितलंय की मोठ्याने बोलावं लागेल. तुझा पाठीवरचा हात होता म्हणून निभावलं, तो तसाच राहू दे.

तुझी,
ठकू

ता. क. पाकीट चिकटवलं होतं, ते पुन्हा उघडून लिहिते. आज सकाळी मुंगी पेस्ट्री खात होती, तेवढ्यात शेजारच्या मुलीने खेळायला हाक मारली, आणि ही उरलेली अर्धी ताटलीत टाकून पळाली. मला वाटलं, आठवण होऊन परत येईल. आली, पण पाणी प्यायला. ताटलीशेजारी उभी राहून पेलाभर पाणी प्यायली आणि तशीच निघून गेली. लपवली नाही, डब्यात ठेवली नाही, वळून बघितलंसुद्धा नाही. मी कुलूपवाल्यांना दुकानातून बोलावून आणलं. मावशी, आम्ही दोघं त्या अर्ध्या तुकड्यासमोर उभे राहून हसत होतो आणि रडत होतो, आणि ताटली उचलायला कुणाचाच हात पुढे होत नव्हता.