चुन्यातून वर येणारं डांबर

रत्नागिरी, २ नोव्हेंबर २०२५

चि. भिवास,
सप्रेम जयभीम. फोनवर तू विषय बदलतोस, म्हणून कागद घेतला. गुडघे कुरकुरतात, बाकी मी बरी. तुझ्या नातीसाठी, सानवीसाठी, आमसुलं वाळवून ठेवलीत.

आपल्या बागेला लागून बेने इस्रायलांचं कबरस्तान आहे ना, त्याच्या भिंतीवर कुणीतरी डांबरानं हातभर अक्षरांत लिहिलंय, ज्यूंनो चालते व्हा. अरे, चालतं व्हायला उरलंय कोण? शेवटची रिबकाबाई, तीही आत निजलीये. तिची लेक मोझेल तेवीस तारखेला ठाण्याहून आईच्या वर्षाच्या प्रार्थनेला येतेय.

मी दोनदा चुना मारला. दुसऱ्या दिवशी अक्षरं तपकिरी होऊन पुन्हा वर येतात. भात ढवळतानाही मला तीच दिसतात. भिंतीचा चिरा छिन्नीनं तासावा लागेल, पण शिडी धरायला वाडीतलं कुणी येत नाही.
आशीर्वाद आहेतच.
ताई

मुंबई, ७ नोव्हेंबर

ती. ताईस,
भिवाचा जयभीम. वि. वि. पत्र पोचलं. सोबत गुडघ्याचं मलम धाडतोय. ते लाव, फडताळात जपून ठेवू नकोस.

राग मानू नकोस, पण शिडीवर चढायचं नाही. तिकडे दूर लढाई चाललीय, त्याचा राग लोक इथल्या भिंतींवर काढतात. वाडीत आपली चार घरं. आपल्याला काय त्याचं? मोझेलला कळव, पुढच्या वर्षी ये.
माया आहे तशी राहू दे.
भिवा

रत्नागिरी, १२ नोव्हेंबर

चि. भिवास,
जयभीम. मलम लावलं, वास भयंकर आहे.

सरकारवर राग असेल तर त्या सरकारचं नाव घ्यावं. रिबकाबाईनं कुणावर तोफ डागली? जन्मावरून माणसाला हाकलणारी अक्षरं तू-मी ओळखायची नाहीत तर कुणी? बाहत्तर साली आपण नवं घर बांधलं, तेव्हा ओट्याच्या भिंतीवर आपली जात डांबरानंच लिहिली होती, शिवीसारखी. बाबा एकटे घासत होते. आपल्याला काय त्याचं, असं सगळी वाडी म्हणाली.

तुला वाटेल, तेव्हा रिबकाबाईचे यजमान शिमशोनकाका धावून आले असतील, त्याची मी परतफेड करतेय. नाही रे. त्यांनीही तेलघाण्याचं दार लावून घेतलं होतं. रिबकाबाई मरेपर्यंत माझ्याकडे येऊन सांगायची, चंपा, आम्ही फटीतून बघत होतो. मी म्हणायचे, जाऊ दे. तिच्या मनातून ते जात नव्हतं. मला तसं मरायचं नाही.

शनवार त्यांचा पाळायचा दिवस, म्हणून शुक्रवारी, एकवीसला, शिडी लावणार. कुणी धरो न धरो.
ताई

मुंबई, १५ नोव्हेंबर

ती. ताईस,
जयभीम. फटीतून बघणारे ते दोघंच नव्हते. बाबांनी त्या दिवशी मला दोनदा हाक मारली, भिवा, पाणी आण. मी कणगीमागे लपलो होतो. वर्गातली मुलं रस्त्यात उभी होती, त्यांनी मला त्या भिंतीपाशी बघू नये म्हणून. बाबांनी पुढे कधी विचारलं नाही. ती दुसरी हाक त्रेपन्न वर्षं माझ्या कानात आहे. तुझं पहिलं पत्र वाचताना पुन्हा ऐकू आली, आणि घाबरून मी तसं लिहिलं.

गुरुवारच्या गाडीनं येतो. छिन्नी आणतो. शिडीवर मी चढेन, तू खाली धर. या खेपेला हाक मारावी लागणार नाही.
तुझाच,
भिवा