गरुडपुराणाऐवजी अर्धी राहिलेली कादंबरी

मी, अन्नपूर्णा पंजाबराव नवले, वय वर्षे चौऱ्याहत्तर, निवृत्त प्राथमिक शिक्षिका, राहणार जानेफळ, तालुका मेहकर, जिल्हा बुलढाणा, हे मृत्युपत्र स्वखुशीने आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवते. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. गुडघ्यांविषयी त्यांनी काही लिहिले नाही, ते बरे केले. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. केले होते असे कोणी म्हणाल्यास त्याला चहा पाजून वाटेला लावावे.

१. शेत माझ्या पतीच्या पश्चात मुलगा राजकुमार याच्या नावावर झालेलेच आहे. राहते घर माझ्या पगारातून बांधलेले आहे. तेही मी राजकुमारला देते, मात्र रस्त्याकडची समोरची खोली सोडून. ती खोली माझी सून सौ. पुष्पांजली हिच्या एकटीच्या मालकीची राहील. राजकुमारला ती खताच्या दुकानाला भाड्याने द्यायची आहे, हे मला ठाऊक आहे. "आई, रोडवरची जागा हाय, रिकामी काऊन ठेवायची?" असे तो दर दिवाळीला विचारतो. बाळा, ती रिकामी नाही. भिंतीला टेकायची जागा मिळावी म्हणून रोज दुपारी बाया हातावर पाणी पडताच तिथे वाचन ऐकायला येतात.

२. माझ्या पाटल्या मुलगी मधुवंती, राहणार मलकापूर, हिला द्याव्यात. बँकेतील ठेव निम्मी तिची, निम्मी समोरच्या खोलीसाठी नवी पुस्तके घेण्याची. या मृत्युपत्राची अंमलबजावणी मधुवंतीनेच करावी, कारण ती कोणाला भीत नाही, मलासुद्धा.

३. समोरच्या खोलीतील दोन्ही कपाटे, पुस्तके, सतरंज्या आणि पोथी ठेवायचे लाकडी व्यासपीठ पुष्पांजलीला देते. हे व्यासपीठ सासूबाईंचे. एका चातुर्मासात त्यावरची पोथी संपली, तेव्हा शेजारची शालूबाई म्हणाली, "मास्तरीणबाई, पोथी सरली, आता दुपारले काय ऐकाव?" मी हाताला लागली ती कादंबरी काढली. ती लढाईच्या काळातली निघाली आणि बायांना दुसरे काही गोड लागेना. तेव्हापासून बासष्टच्या बर्फातून, एकाहत्तरच्या अंधार केलेल्या शहरांतून, ब्रह्मदेशच्या जंगलातून जानेफळच्या बाया हिंडून आल्या, आणि संध्याकाळच्या स्वयंपाकाला वेळेवर घरी पोचल्या. हे मी केले. मला याचा अभिमान आहे आणि तो लपवायचे काही कारण मला दिसत नाही.

नवे पुस्तक घेताना नियम एकच पाळावा: सासू, सून आणि नात एका सतरंजीवर बसून ऐकू शकतील असे ते असावे. माझे धाकटे दीर रमाकांत भाऊजी पुण्याच्या कॉलेजात साहित्य शिकवून निवृत्त झाले. ते म्हणतात, "वहिनी, तुम्ही सोवळ्यातलं युद्ध वाचता." भाऊजी, आमच्या पुस्तकांत माणसे मरतात, उपाशी राहतात, भितात, कधी पळूनही जातात. विधवेचे दुःख कळायला तिच्या न्हाणीघरात डोकावावे लागत नाही.

४. पुष्पांजलीच का, हे सर्वांना कळावे म्हणून लिहिते. एका कादंबरीत ब्रह्मदेशच्या आघाडीवरचा हवालदार बेपत्ता झाला आणि त्याच्या घरी तार आली. पोथीत मेलेला मेलाच, अशी बायांची सवय. त्यांच्यातल्या वच्छलाबाईने पुढाकार घेतला आणि त्यांनी माझ्याच अंगणात त्या हवालदाराची तेरवी घातली; कढी, भात, वर बुंदी. तो पुढे जिवंत परततो हे मला ठाऊक होते. पण पुढचे सांगायचे नाही हा नियम माझाच, आणि बुंदीही बरी झाली होती.

तो परतला त्या दिवशी नेमका माझा घसा बसला, म्हणून पुष्पांजली वाचायला बसली. पुस्तकात आई विचारते, "बाळ, इतके दिवस तू कुठे होतास?" पुष्पांजलीने ओळीवर बोट ठेवले आणि म्हणाली, "काऊन रे बाप्पा, इतके दिवस कुठी होता तू? जेवला का?" साऱ्या खोलीने पदर डोळ्याला लावला. वच्छलाबाई रडता रडता म्हणाली, "याची तेरवी जेवलो आपन. आता याले काय वाढाव?" मी इतकी वर्षे वाचले, पण माझ्या वाचनाने त्या आईला कधी आमच्या गावात आणले नव्हते.

भाऊजी तेव्हा पाहुणे आलेले, दारात उभे होते. ते हसले आणि म्हणाले, "हिनं ब्रह्मदेशची आघाडी थेट शेजारच्या डोणगावच्या बाजारात आणली की." पुष्पांजलीने पुस्तक मिटले, माझ्या हातात दिले आणि चहा टाकायला गेली. त्यानंतर तिने वाचायला पुस्तक हातात घेतलेले नाही. रोज दाराशी तूर निवडत बसते, माझ्याबरोबर ओठ हलवते. वाच म्हटले की, "मले नाही जमत, आई." जमते. पोरांचे वाचन ऐकून माझे कान किटले आहेत. चांगले कोणते ते मला कळते. माझ्यामागे ती वाचणार नसेल तर खोलीत खताची पोतीच येतील, आणि ते मला मेल्यावरही सोसणार नाही.

५. माझ्या मागे दहा दिवस घरात गरुडपुराण लावू नये. पापी माणसांना कढईत तळल्याची वर्णने मी सासूबाईंच्या वेळी ऐकली आहेत. आमच्या सतरंजीच्या नियमात ती बसत नाहीत. त्याऐवजी व्यासपीठावर जी कादंबरी अर्धी राहिली असेल ती पुढे वाचावी.

६. माझ्या पतीचा जुना रेडिओ, ज्यावर त्यांनी एकाहत्तरच्या लढाईच्या बातम्या साऱ्या आळीला ऐकवल्या, भाऊजींना हवा आहे. तो त्यांना द्यावा, पण ते दहाही दुपारी सतरंजीवर बसून कादंबरी ऐकतील तरच. खुर्ची देऊ नये. वकीलसाहेब म्हणाले, "बाई, ही अट कोर्टात टिकणार नाही." मी म्हटले, घरात टिकली म्हणजे झाले. भाऊजींवर माझा राग आहे, पण लोभही आहे. त्यांनी नुसते ऐकावे, एवढेच मागते.

७. शेवटचे. हा कागद सह्या झाल्यावर पाकिटात घालून मी मधुवंतीकडे देणार आहे. माझी राख गार व्हायच्या आत, सगळे जमलेले असताना, तिने तो पुष्पांजलीच्या हातात द्यायचा आणि मोठ्याने वाचायला सांगायचे, असे आमचे ठरले आहे.

तेव्हा पुष्पा, हे तूच वाचते आहेस. समोर राजकुमार आहे, बाया आहेत, भाऊजी आहेत. तुझा आवाज कापला असेल, कापू दे. माझी चार वाक्ये तू आपल्या बोलीत वळवली असशील, तर ती सुधारली असतील. मध्ये कोणी हसलेही असेल. तरी तू थांबली नाहीस, कारण या ओळीपर्यंत येऊन पोचली आहेस.

ठिकाण: जानेफळ
दिनांक: ९ जानेवारी २०२५

सही: अन्नपूर्णा पंजाबराव नवले

अन्नपूर्णाबाईंनी आमच्यादेखत वाचून सही केली, आणि आम्ही त्यांच्यादेखत केली:
१. संघपाल भिवाजी गवई, निवृत्त पोस्टमन, जानेफळ
२. बनाबाई किसन मोरे, जानेफळ