आम्हा सात जणांची आई

आई, तुला वाचता येत नव्हतं. त्यामुळं हे पत्र कुणाला तरी तुला वाचून दाखवावं लागलं असतं, आणि ते काही मला रुचलं नसतं. तरी लिहितेय. पुढच्या महिन्यात मी रिटायर होतेय. बेळगावच्या दवाखान्यात, बाळंतिणींच्या वॉर्डात सिस्टर म्हणून सगळी उमर गेली. आता सुट्ट्या संपवायच्या म्हणून घरी बसलेय, आणि सारखी तूच डोळ्यांपुढं येतेस.

निपाणीतल्या आपल्या दोन खोल्या. चुलीपासून हातभर अंतरावर तू बसलेली, मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कापलेली पानं. भाकरी झाल्या की विड्या वळायच्या, विड्या कारखान्यात देऊन आलं की परत भाकरी. आम्ही सात भावंडं, मी तिसरी. वडील तंबाखूच्या वखारीत पोती उचलायचे. दिवेलागणीला तू आम्हाला बुद्धांच्या फोटोपुढं ओळीनं बसवायचीस. वंदना म्हणता म्हणता धाकट्याची मान डुलायला लागली की मिटल्या डोळ्यांनीच त्याला कोपरानं ढोसायचीस. तुला कसं कळायचं, कुणास ठाऊक.

तो धाकटाच एकदा भर दुपारी तापानं फणफणला आणि त्याला झटका आला. डोळे पांढरे झाले. शेजारच्या काकू धावत आल्या. "अगं, अंगारा लाव आदी, नवस बोल कायतरी!" तू सूप बाजूला सारलंस आणि पोराला खांद्यावर टाकलंस. "नवस बोलत बसायला येळ न्हाय मला," म्हणालीस आणि अनवाणीच निघालीस. तुझ्या चपला हातात घेऊन मी मागनं पळतेय, आणि तू काही मला गावत नाहीस.

दवाखान्यातल्या सिस्टरनं त्याचा एवढासा हात धरला, शीर शोधली, सुई घातली. "अंजब्याडवा," ती कानडीत तुला म्हणाली, भिऊ नको बाई. तू खाली फरशीवर बसून पुटपुटत होतीस. वंदनाच म्हणत होतीस. मी विचारलं, "तू तर कदी काय मागत न्हाईस. मग म्हणतीस कशाला?"

"मन हलू नये म्हणून," तू म्हणालीस. "मन हललं की हात हलत्यात."

सांजेला त्यानं डोळे उघडून पाणी मागितलं. घरी येताना तू एवढंच बोललीस, "त्या बाईचं हात बगितलंस? जरा बी थरथरलं न्हाईत. तू तसली हो."

मॅट्रिक झाल्यावर मामा माझ्यासाठी स्थळ घेऊन आले. तू त्यांना चहा दिलास आणि सांगितलंस, पोरगी नर्सिंगला जाणार, हॉस्टेलवर राहणार. मामा चिडले. "आणि ही बारकी पोरं कुणी बगायची? विड्या कुणी वळायच्या?" "माझी हायत, मी बगीन," तू म्हणालीस. दुसऱ्या दिवशी वखारीतून येताना वडिलांनी खांद्यावरनं पत्र्याची निळी ट्रंक आणली.

पहिल्या सुट्टीला घरी आल्यावर मी तुझ्यापुढं रडले होते. दिवसभर पेशंटची घाण काढायची, बेडपॅन धुवायचे, ह्यासाठी शिकायला गेलते का मी? विड्या वळणारे तुझे हात थांबले. असे थांबलेले मी कधी पाहिले नव्हते. "सात जणांचं काढलं मी," तू म्हणालीस. "मला घाण आली असती तर तू आज कुटं असतीस गं?" आणि पुन्हा वळायला लागलीस. मी तोंड धुऊन भाकऱ्या थापायला बसले. त्यानंतर वॉर्डात मी कधी नाक मुरडलं नाही. नव्या पोरी मुरडतात, तेव्हा तुझंच वाक्य त्यांना ऐकवते. माझं म्हणून.

सगळं चांगलं चाललंय आई. धाकटा बसवर कंडक्टर आहे, ढेरी सुटलीय त्याची. सातही जणांची घरं उभी आहेत. माझी दोन्ही पोरं वंदनेला बसत नाहीत, पण आजारी माणसाजवळ बसतात. मला तेवढं पुरतं.

एक मात्र सांगून टाकते. तुझ्या शेवटच्या आजारात मी तुझे केस विंचरत होते, तेव्हा तू कानाशी म्हणालीस, "सगळ्यांत तू माझी लाडकी. कुणाला सांगू नगं." तू गेल्यावर, जलदान विधीची माणसं पांगल्यावर आम्ही सातजण जेवायला बसलो. धाकटा हुंदके देत म्हणाला, आईनं मला सांगितलंय, मीच तिचा लाडका. थोरली आक्का ताटावरनं उठलीच. "मला बी तसंच म्हणाली ती!" मग एकेक करून माझ्याशिवाय सगळेच कबूल झाले, आणि रडता रडता हसायला लागले. माझ्याकडं बघून आक्कानं विचारलं, "आणि तुला गं?"

"मला न्हाय बाई काय म्हणाली," मी सांगितलं.

त्या सहांच्यात मला माझं मिसळायचं नव्हतं.