गुड फ्रायडेचा निशिगंध

छत्रपती संभाजीनगर,
गुड फ्रायडे, दुपार

माय,

तुझ्या पायांवर डोकं ठेवून फकिरा लिहितो. मी बरा आहे. फोनवर तू रडायला लागतीस, म्हणून लासूर स्टेशनला निघालेल्या टेम्पोवाल्याजवळ ही चिठ्ठी देतोय. अक्षराकडं बघू नको, डाव्या हाताचं आहे.

सकाळी फुलबाजारात रंगनाथ फुलवाला आला. कॅथेड्रल चर्चच्या फुलांचं काम मला मिळालं, ते त्याला अजून पचलं नाय. त्यानं माझ्या टोपल्या लाथांनी उधळल्या, निशिगंध गटारात तुडवला आन् ओरडला, "आज यांचा मोठा सण ना? बघू चर्च कसं सजवतो!"

अगं, आज तर येशूच्या मरणाचा दिवस. आज ही माणसं वेदीवर एक पाकळीसुद्धा ठेवत नाहीत. तो निशिगंध एका लग्नाचा होता! मला हसू आवरलं नाय. मग त्यानं लोखंडी पाइप हाणला. उजवं मनगट मोडलं. मीबी त्याचं नाक फोडलं, खोटं कशाला सांगू. प्लास्टर केलंय, काळजी नको.

तुझा गुडघा कसा आहे? शेळी व्याली का?

कृष्णाला एव्हाना कळलंच असंल. धाकटा लई तापट, कोयत्याला धार लावत बसला असंल. उद्या ईस्टरची पांढरी लिली येणार, सगळी वेदी भरायचीय आन् मला एकच हात. त्याला मदतीला पाठव. पण कोयता तुझ्याजवळ ठेवून घे. कोयता इथं आला, तर कृष्णाच्या आधी मीच उचलीन.

तुझाच,
फकिरा